गोळी, कायदा आणि पहिलं शील



प्रश्न सरळ मांडतो. दिवस गेलेल्या बाईनं कुणाला न विचारता मेडिकलमधून गोळ्या आणल्या, घरातच घेतल्या आणि पोट पाडलं. तर तिनं काय केलं? गुन्हा केला? पाप केलं? शील मोडलं? की आपल्या देहाचा निर्णय फक्त आपण घेतला?

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वाचन चालतं. तिथं एका पोरानं हे विचारलं. बायका बसल्या होत्या, त्या गप्प राहिल्या. बोलले ते पुरुष. एक जण म्हणाला, ‘पाणातिपाता वेरमणी. विषय संपला.’ दुसरा म्हणाला, ‘आपल्याकडं गर्भपात कायदेशीर हाय. विषय संपला.’ दोघांचाही विषय एका वाक्यात संपला. ज्यांच्या पोटाचा विषय होता त्यांचा तर सुरूच झाला नाही. मी सूतगिरणीत पाळीवर काम करणारा माणूस. डॉक्टर नाही, वकील नाही, भंते नाही. पण जे वाचलं आणि जे वस्तीत बघितलं त्यावरून मला दोन्ही उत्तरं खोटी वाटतात. का, ते सांगतो. आधी कायदा घेतो, मग शील.

आपल्याकडं गर्भपात कायदेशीर आहे हे अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्यानं गरीब माणूस जितका मरतो तितका पूर्ण खोट्यानं मरत नाही.

इंग्रजानं १८६० साली दंड संहिता केली. तिच्यात कलम ३१२. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्‍भावनेनं केलेला सोडून बाकी गर्भपात करणाराला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटात मूल हालायला लागल्यावर केला तर सात वर्षांपर्यंत. त्याखाली एक खुलासा आहे. बाईनं स्वतःचा गर्भ स्वतः पाडला तरी ती ह्याच कलमात येते. इंग्रज गेला. संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा बदलून ८८ झाला. खुलासा जिथल्या तिथं. म्हणजे आजही, हे तुम्ही वाचताय त्या घडीला, आपल्या हातानं गोळी घेणारी बाई कायद्याच्या लेखी आरोपी होऊ शकते.

मग १९७१ चा कायदा काय करतो? त्याचीही कुळी बघा. १९६४ साली सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शहा, ते आपल्या महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. त्या समितीपुढं दोन काळज्या होत्या. चोरून पोट पाडताना बायका मरत होत्या ही एक, आणि देशाची लोकसंख्या ही दुसरी. बाईचा हक्क ही काळजी त्या यादीत नव्हती. १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यानं गुन्हा रद्द केला नाही. त्यानं फक्त डॉक्टरला सूट दिली. नोंदणी झालेला डॉक्टर, मान्यता असलेली जागा आणि कायद्यात लिहिलेलं कारण, ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या तर डॉक्टर गुन्हेगार नाही. बाईनं ‘मला नको’ म्हणणं हे कारण त्या यादीत आजही नाही. तिला मानसिक त्रास होईल असं डॉक्टरनं म्हणायचं. गर्भनिरोधक फसलं असं लिहायचं. म्हणजे बाईचं ‘नाही’ दुसऱ्याच्या तोंडून आलं तरच ते कायद्याला ऐकू येतं. आपल्याला ही रीत नवी नाही. आपल्या आज्यालाही पाटलाच्या वाड्यात दुसऱ्याच्या तोंडूनच बोलावं लागायचं.

सुधारणा झाल्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ हे शब्द काढून ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. काही स्थितींतल्या बायकांना दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न न झालेल्या बाईलाही ही मुभा आहे, आणि ह्या कायद्यापुरता तरी नवऱ्यानं केलेला बलात्कार हाही बलात्कारच. हे मोठं काम झालं. पण दिल्लीचा निकाल पाथर्डीच्या वाडीवर पायी येतो. त्याला एसटी मिळत नाही.

आता गोळीकडं येऊ. दोन औषधं आहेत. पहिलं मिफेप्रिस्टोन. गर्भ धरून ठेवणारा जो रस बाईच्या अंगात असतो त्याला ते अडवतं. दुसरं मिसोप्रोस्टॉल. ते पिशवीला कळा आणून ती रिकामी करतं. भारतात २००२ साली ह्यांना परवानगी मिळाली. आज ती नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. कागदावर असं. प्रत्यक्षात काय, ते २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ ह्या डॉक्टरी नियतकालिकात आलं. २०१५ ह्या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले शंभरात ८१ गोळ्यांनी. आणि एकूण शंभरातले ७३ दवाखान्याच्या बाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे एक कोटीच्या वर बायकांनी त्या वर्षी कायद्यानं आखून दिलेल्या दाराला वळसा घातला. एक कोटी बायका गुन्हेगार? एवढी माणसं ज्या कायद्याबाहेर राहतात त्या कायद्यात काही खोट आहे, की माणसांत? महाडच्या तळ्यावर आपल्याला हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर आपण दिलेलं आहे.

ती वळसा का घालते? आपल्या जिल्ह्यातच बघा. जामखेड, पाथर्डी, शेवगावच्या वाड्यांवरून दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, मुकादमाचा हिशेब दोघांच्या अंगावर. एक दिवस खाडा झाला की कापला. तिकडं राहुरी, नेवासे, संगमनेरच्या फडात बाहेरून टोळ्या येतात. कोपीत राहायचं, पहाटे फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. ह्या बाईला दिवस गेले आणि तिला मूल नको असलं तर तिनं काय करायचं? मान्यता असलेला दवाखाना तालुक्याच्या गावी. जायला एक खाडा, यायला एक खाडा. तिथं गेल्यावर विचारणार, किती पोरं? नवरा कुठं? त्याची सही आण. खरं तर वयात आलेल्या बाईला नवऱ्याच्या सहीची गरज कायद्यात कुठंही नाही, तिची एकटीची संमती पुरते. तरी सही मागतात. पुष्कळ ठिकाणी वर म्हणतात, नसबंदी करून घे, मग बघू. ह्या सगळ्यापुढं मेडिकलच्या मागच्या दारातून, बिल न देता, दुप्पट पैशांत मिळालेली गोळी तिला जवळची वाटते. ती बेजबाबदार आहे म्हणून नव्हे. तिला हिशेब येतो म्हणून.

पण ह्या हिशेबात एक आकडा फार महाग आहे. गोळी जवळजवळ नेहमी काम करते. कधीकधी मात्र अर्धवट राहतं, रक्त थांबत नाही. गर्भ पिशवीत नसून नळीत असला तर गोळीचा उपयोगच होत नाही आणि जीव जाऊ शकतो. दिवस मोजायला चुकलं, तीनचे चार महिने निघाले, तर धोका वाढतो. अशा वेळी दवाखाना लागतो, आणि लवकर लागतो.

आमच्या आळीत एक बाई आहे. दोन लेकरं. तिसरं नको होतं. नवऱ्यानं कुठूनतरी गोळ्या आणून दिल्या. कशा घ्यायच्या ते दुकानदारानं सांगितलं नाही, पाकिटावरचं इंग्रजी घरात कुणाला वाचता येईना. रात्रभर घडीवर घडी भिजत होती. तासाला दोन दोन. शेजारणी म्हणाल्या, चल दवाखान्यात. ती उठेना. माझ्या आईनं तिला पहाटे रिक्षात घातली. एका खाजगी दवाखान्यात नेली तर तिथं आधी अनामत मागितली आणि मग पोलिसांचं नाव काढलं. तिथून सरकारी दवाखान्यात नेली, रक्त चढवलं, वाचली. पुढं आईनं तिला विचारलं, एवढी रात्र का काढलीस गं? ती म्हणाली, ‘मावशी, मराया न्हाय भ्याले. पोलिसाला भ्याले.’

तिला रक्तस्रावानं मारायला घेतलं होतं असं कागदावर लिहिलं गेलं असतं. माझ्या लेखी तिला मारायला कलमानं घेतलं होतं. गोळी नवीन आहे, कलम जुनं आहे. गोळीच्या आधी काडी होती, मुळी होती, पोटावर पाय देणं होतं. त्यांच्यापुढं गोळी कितीतरी बरी. गोळीत जे मरण उरलेलं आहे त्यातलं बरंचसं लपवाछपवीचं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. जग बघा. ब्राझीलमध्ये गर्भपात गुन्हा आहे, थोडे अपवाद सोडून. १९८६ साली तिथं पोटातल्या अल्सरसाठी मिसोप्रोस्टॉल विकायला आलं. गरोदर बाईनं घेऊ नये, गर्भ पडेल, असा इशारा होता. तिथल्या गरीब बायकांनी तो इशारा उलटा वाचला. झोपडपट्टीत, घरकामाच्या ठिकाणी, एकीनं दुसरीला सांगितलं. कुठल्या विद्यापीठानं नाही, कंपनीनं नाही. १९९१ साली सरकारनं विक्रीवर बंधनं घातली. पण तोवर तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं की दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या अंगात आता काडी-सळईनं झालेलं विष कमी दिसतंय. ते ज्ञान पुढं डॉक्टरांनी उचललं, मोजलं, पुस्तकात घातलं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं की बारा आठवड्यांच्या आत, नीट माहिती, चांगलं औषध आणि गरज पडली तर दवाखाना ह्या तिन्ही गोष्टी असतील, तर बाई स्वतःच्या हातानं हे करू शकते. अडाणी म्हणून हिणवलेल्या बायकांनी जे शोधलं ते छत्तीस वर्षांनी शास्त्र झालं. आपल्या सुइणीची, आपल्या आजीची विद्या अशीच कुणीतरी उचलली आणि नंतर तिलाच अडाणी म्हटलं.

आता एक अडचणीची गोष्ट. ती टाळली तर आपण लबाड ठरू. महाराष्ट्रात गोळ्यांवर धाड पडली ती मुलींच्या नावानं. २०११ च्या शिरगणतीत राज्यात शून्य ते सहा वयातल्या हजार मुलांमागं ८९४ मुली निघाल्या, दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. शेजारच्या बीडमध्ये ८०७. २०१२ साली परळीचं प्रकरण झालं. २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. कुणाच्याही काळजाला चरा पडावा असंच ते होतं. पण सरकारनं काय केलं? औषध दुकानांवर छापे घातले. दुकानदारांनी हा मालच ठेवणं सोडलं, किंवा काउंटरखाली नेला. साधी गोष्ट कुणी विचारली नाही. सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळायला साधारण बारा-तेरा आठवडे जावे लागतात. गोळीची कायदेशीर मुदत नऊ आठवडे. मग ह्या गोळीनं मुली मरतात कशा? कुणी उशिरा, चोरून, सोनोग्राफीनंतर गोळी देत असेल तर सोनोग्राफीवाला पकडा. तो मोठा माणूस. त्याची यंत्रं मोठी, ओळखी मोठ्या. गोळी स्वस्त आणि बाई गरीब, म्हणून धाड तिथं.

काही मित्र म्हणतात, बाईचा हक्क म्हणता, मग मुलगी नको म्हणण्याचाही हक्क द्या. मी नाही म्हणतो. ‘मला आता मूल नको’ आणि ‘मला मुलगी नको’ ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात बाई स्वतःविषयी बोलते. तिच्या पोटाविषयी, भाकरीविषयी, आयुष्याविषयी. दुसऱ्या वाक्यात येणाराची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवलेली आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं ह्याला आपण काय म्हणतो? ह्याच रोगाविरुद्ध तर आपली सगळी चळवळ उभी आहे. मनुस्मृती जाळणाऱ्याला मुलगी नकोशी वाटत असेल तर त्यानं राख घरी आणून जपून ठेवलीय असं समजावं.

पण तिथंही बाईला फाशी द्यायला मी तयार नाही. आणि गंमत बघा, कायद्यालाही हे कळलेलं आहे. लिंगनिवडीविरुद्धचा पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रानं केला, मग १९९४ साली देशाचा झाला. देशाच्या त्या कायद्यात लिहिलंय की बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं कोर्टानं धरून चालावं. म्हणजे मुलगी पाडली तर बाई दबलेली, हे कायद्याला दिसतं. आणि भाकरी नाही, जागा नाही, अंगात रक्त नाही म्हणून मूल पाडलं तर तीच बाई आरोपी. गरिबीचा दाब हा दाबच नाही काय?

आता शील. विहारातल्या त्या भावाचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्याच्या बाजूनं आधार मोठा आहे. विनयपिटकात भिक्खूला स्पष्ट बजावलंय. त्यानं जाणूनबुजून माणसाचा जीव घेतला, अगदी गर्भ पाडण्यापर्यंत, तर तो श्रमण राहत नाही. हे लपवून वाद जिंकायचा नाही मला. हा नियम संघात राहणाऱ्या भिक्खूसाठी आहे, फडात मोळी बांधणाऱ्या उपासिकेसाठी नाही, असं म्हणून मी सुटू शकतो. पण पहिलं शील तर तिचंही आहे. म्हणून तेवढ्यावर सुटायचं नाही.

इथं बाबासाहेबांना विचारू. त्यांनी आयुष्यभर एक भेद सांगितला. नियम वेगळा आणि तत्त्व वेगळं. ‘जातिनिर्मूलना’त तो आहे, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात तो पुन्हा आहे. नियम म्हणजे हुकूम. हे कर, ते करू नको, विचार करू नको. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकतं. हिंदू धर्म हा नियमांचं गाठोडं आहे, म्हणून तो फेकला. आणि अहिंसेविषयी ते सांगतात की बुद्धानं तिला नियम केलं नाही, तत्त्व केलं. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. यज्ञात पशू मारणाराच्या मनात हौस होती. बुद्धानं ती हौस नाकारली, आणि डोळे मिटून कधीच नाही असा दगडी नियमही केला नाही.

मग त्या बाईच्या मनात डोकावून बघा. तिथं कुणाचा द्वेष आहे? कुणाला मारायची इच्छा आहे? मला तर तिथं दोन लेकरं दिसतात ज्यांना दूध पुरत नाही. मुकादमाचं कर्ज दिसतं. कधी जबरदस्ती केलेला नवरा दिसतो, कधी शब्द देऊन पळालेला पोरगा दिसतो. शील हे मनाच्या हेतूवर उभं असतं असं धम्म शिकवतो. मग तिच्या हेतूची तपासणी न करता निकाल देणारा माणूस धम्म सांगत नाही. तो मनूचाच कायदा पालीतून वाचतो.

ह्याचा अर्थ पोटात काहीच नव्हतं असं मी म्हणत नाही. तिथं काहीतरी आहे. ते वाढतंय. दिवसागणिक ते माणसाच्या जास्त जवळ येतंय. पुष्कळ बायका नंतर रडतात, पुष्कळींना सुटल्यासारखं वाटतं, काहींना दोन्ही. त्यांना कसं वाटावं हे मी ठरवणारा कोण? पण ह्यातूनच एक गोष्ट निघते, नीट ऐका. गर्भ जितका वाढतो तितकी त्याची किंमत वाढते असं मानलं, तर जे काही करायचं ते लवकर व्हावं, हेच करुणेला धरून आहे. सहाव्या-सातव्या आठवड्याला गोळी मिळाली तर पाचव्या महिन्याची वेळ येत नाही. मग उशीर कोण करतं? सही मागणारा करतो. लग्न झालंय का विचारणारा करतो. गोळी काउंटरखाली लपवणारा करतो. पोलिसाची भीती करते. ज्याला गर्भाची खरोखर माया आहे त्यानं बाईचा रस्ता मोकळा करायला पाहिजे. रस्ता अडवून उशीर करायचा आणि मग उशिराला पाप म्हणायचं, ही जुनी बामणी खेळी आहे.

आणि बाबासाहेबांनी ह्या विषयाला थेट हात घातलेला आहे, आपल्या नगरच्या माणसाच्या हातानं. १० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभा. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे आपल्या जिल्ह्यातून निवडून गेलेले पी. जे. रोहम उभे राहिले आणि त्यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. पुरुषाला बाळंतकळा सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त पोराला कुणी पुरुष तयार झाला नसता, असं त्यात रोखठोक होतं. आणि मुख्य म्हणजे, कुठल्याही कारणानं बाईला मूल नको असेल तर ते टाळणं तिच्या हाती असलं पाहिजे, मूल होणं न होणं सर्वस्वी तिच्या मर्जीवर असलं पाहिजे, असं त्यात होतं. ठराव पडला. सभागृहाला तो पचला नाही.

तो ठराव गर्भपाताचा नव्हता, गर्भ राहू नये ह्याच्या साधनांचा होता. ओढूनताणून मी त्याला गर्भपाताचा करत नाही. पण त्यातलं तत्त्व बघा. ‘कुठल्याही कारणानं.’ डॉक्टरला पटलेल्या कारणानं नाही, नवऱ्याच्या सहीनं नाही. १९७१ च्या कायद्यात जे नाही ते १९३८ च्या त्या भाषणात आहे. गर्भ राहण्याआधी तिची मर्जी चालते आणि राहिल्यावर एका रात्रीत तिची मर्जी संपते, सरकारची सुरू होते, हे कुठलं तत्त्व?

काही कार्यकर्ते घाबरतात. म्हणतात, हा आपली संख्या कमी करायचा डाव आहे. ही भीती पोकळ नाही. आणीबाणीत १९७५ ते ७७ गरिबांना धरून धरून नसबंद्या केल्या. २०१९ साली बीडच्या ऊसतोडणी बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको, पोटदुखीचा खाडा नको, म्हणून पिशवीच काढा. पण ह्या दोन्ही गोष्टींत बाईच्या देहाचा मालक कोण होता? दुसराच कुणीतरी. जबरदस्तीनं पिशवी काढणं आणि जबरदस्तीनं पिशवी भरलेली ठेवणं, दोन्हीचा मालक एकच. आपली लढाई त्या मालकीशी आहे. आपली संख्या बायकांना न विचारता वाढवायची असेल तर ती चळवळ नव्हे, गोठा आहे.

सावित्रीबाईंचं एक पत्र आहे. ज्या आपल्या नगरला फॅरार बाईंकडं शिकवायचं शिकल्या, त्या सावित्रीबाई. २९ ऑगस्ट १८६८ ला नायगावहून त्यांनी जोतिबांना कळवलं. गणेश नावाचा ब्राह्मण आणि सारजा नावाची महार मुलगी ह्यांचं प्रेम जमलं, मुलगी सहा महिन्यांची पोटुशी. गाव दोघांना मारायला निघालं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांचा जीव वाचवला. त्याच्या आधी १८६३ साली ह्या जोडप्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अडलेल्या बाईनं यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं. पोटातलं कुणाचं, हा प्रश्न तिथं नव्हता. आता आपला जिल्हा बघा. २०१३ ला सोनई. २०१४ ला खर्डा. जातीबाहेर प्रेमाचा नुसता संशय आला तरी पोरं मारून टाकली. अशा मुलखात जातीबाहेरून दिवस गेलेल्या पोरीच्या हातातली गोळी ही चैन नाही. तिच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये कधीकधी तेवढीच एक वस्तू असते.

आता आपलं. म्हणजे आपल्या पुरुषांचं. चळवळीतला एक पोरगा मला माहीत आहे. भाषण चांगलं करतो. त्याच्यामुळं एका पोरीला दिवस गेले. त्यानं मित्राच्या हातानं गोळ्या पाठवल्या, स्वतः गेला नाही. दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता, तिथं तो स्त्रीमुक्तीवर बोलला. ती पोरगी मैत्रिणीच्या खोलीत एकटी कळा देत होती. पुढं वस्तीत नाव तिचं निघालं. त्याचं निघालं नाही. गोळीमुळं पुरुषाला आणखी सोपं झालं, हे खरं आहे. पण त्यावर उपाय गोळी हिसकावणं हा नाही. उपाय म्हणजे त्यानं तिथं बसणं. रात्रभर. पाणी देणं, घड्या मोजणं, गरज पडली तर रिक्षा आणणं आणि दवाखान्यात आपलं नाव सांगणं.

म्हणून माझं म्हणणं असं.

बाईला आरोपी करणारा तो खुलासा कलम ८८ मधून गेला पाहिजे, ही मागणी आपल्या निवेदनात आरक्षणाच्या आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या मागणीशेजारी आली पाहिजे. खालच्या नंबरला नको, शेजारी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय झाली पाहिजे आणि हंगामात ती फडापर्यंत आली पाहिजे. तोवर आपण काय करू शकतो? आपल्या बायकांना चार गोष्टी माहीत पाहिजेत. वयात आलेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही. डॉक्टरनं तिचं नाव बाहेर फोडलं तर २०२१ च्या दुरुस्तीनं त्यालाच शिक्षा आहे. दिवस किती झालेत हे आधी नीट मोजायचं, आणि जमेल तिथं डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल, ताप असेल, पोटात एका बाजूला असह्य दुखत असेल तर एक घडीही घरी थांबायचं नाही. हे विहारात सांगायला लाज वाटत असेल तर विहार कशासाठी बांधला?

आणि हे सांगणाऱ्या बायका असाव्यात. आम्ही पुरुषांनी खुर्च्या लावाव्यात, दारात उभं राहून टगे हाकलावेत, लेकरं सांभाळावीत. पुढच्या रविवारच्या वाचनाला हा विषय ठेवा आणि पहिलं बोलणं बायकांचं असू द्या. त्या पहिल्या रविवारी गप्प राहिल्या तर घाई करू नका. हजारो वर्षं तोंड दाबलेला माणूस पहिल्या हाकेला बोलत नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

जयभीम.